उजेड कमी केला की लॅपटॉप वाजतो

प्रश्न : मी घरून भाषांतराची कामं करते. मुलगी झोपली की रात्री दहानंतर बसते. खोलीत अंधार असतो, म्हणून लॅपटॉपच्या स्क्रीनचा उजेड अगदी कमी ठेवते आणि नेमका तेव्हाच त्यातून डास कानाशी यावा तसा बारीक आवाज येतो. उजेड पूर्ण वाढवला की आवाज गायब. नवऱ्याला तो ऐकूच येत नाही. सर्व्हिस सेंटरमधला मुलगाही म्हणाला, "मॅडम, काही आवाज नाही." मला भास होतोय का? बॅटरी वगैरे फुटणार नाही ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : भास नाही. इतक्या ठामपणे सांगतोय, कारण हीच तक्रार घेऊन आलेल्या एका कॉलेजच्या मुलीला मी स्वतः "पंख्याचा असेल गं" म्हणून परत पाठवलं होतं. तेव्हा माझं वय छप्पन्न. ती गेल्यावर दुकानातला सतरा वर्षांचा पोरगा हळूच म्हणाला, "काका, वाजत होता की. तुम्हाला नाही आला ऐकू?" वय वाढतं तसे अगदी वरच्या पट्टीतले आवाज कानातून आधी जातात. त्यात सर्व्हिस सेंटरमध्ये वर एसी आणि शेजारी दहा मशिनांचे पंखे. तिथे तुमचा डास कोणाला ऐकू येणार?

आता तो वाजतो का, ते बघू. स्क्रीनमागे एलईडी दिव्यांची पट्टी असते. तुम्ही उजेड कमी करता तेव्हा बऱ्याच लॅपटॉपमध्ये हे दिवे मंद होत नाहीत, ते उघडझाप करतात. सेकंदाला दोनशे वेळा, काही मशिनांत हजारो वेळा. चालू राहण्याचा वेळ कमी आणि बंद राहण्याचा जास्त, एवढाच फरक. डोळ्याला ती उघडझाप कळत नाही, त्याला नुसता मंद उजेड दिसतो. उजेड पूर्ण केला की दिवे सलग चालू राहतात, उघडझाप थांबते, म्हणून आवाजही थांबतो. तुमच्या प्रश्नातली ही एक ओळ वाचूनच माझं निदान झालं.

पण दिवा लागला-विझला म्हणून आवाज कसा होईल? आवाज दिव्याचा नसतोच. बॅटरीचे दहा-बारा व्होल्ट या पट्टीला पुरत नाहीत, म्हणून ते वाढवून देणारं एक छोटं सर्किट असतं. त्यात तारेची एक गुंडाळी आणि तांदळाच्या कणीएवढे सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारे भाग. हे कपॅसिटर बेरियम टायटनेटचे. या पदार्थाची खोड अशी, की त्यावरचं व्होल्टेज बदललं की तो किंचित फुगतो नाहीतर आक्रसतो. क्वार्ट्झसारखे स्फटिक दाबले की वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी 1880 साली दाखवलं. इथे त्याच्या उलट चाललेलं असतं. दिव्यांच्या प्रत्येक उघडझापेबरोबर त्या कणीवरचं व्होल्टेज हिंदकळतं, ती हलते आणि ज्याच्यावर ती डाखलेली आहे त्या सर्किटच्या बोर्डालाही हलवते. कणी एकटी असती तर कोणाला ऐकूही आली नसती. तंबोऱ्याची तार भोपळ्याशिवाय जेवढी वाजेल, तेवढीच.

तंबोऱ्याचं नाव घेतलंच आहे तर आणखी एक. सेकंदाला दोनशे कंपनं म्हणजे साधारण पांढरी पाच, पेटीवरचा तसा जाडच सूर. मग तुम्हाला इतका बारीक आवाज का येतो? तारेला जवारी चांगली असली की एका स्वरातून वरचे कितीतरी स्वर झंकारतात, तसंच इथे होतं. दिवा झटक्यात लागतो आणि झटक्यात विझतो. त्या झटक्यातून चौपट, दसपट, वीसपट कंपनांचे स्वर निघतात. माणसाचा कान दोन ते पाच हजारांच्या आसपास सगळ्यात तीक्ष्ण, त्यामुळे तेच टोचतात.

घरचा पंखा एक नंबरवर घूं करतो का? साधा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर ती याच जातीची तक्रार. तिथे विजेची लाट तुकडे करून पंख्याला दिली जाते, म्हणून पंख्याची गुंडाळी कुरकुरते.

बॅटरीचा याच्याशी संबंध नाही. जळका वास, टचपॅड वर उचललं जाणं, तळ फुगणं, यातलं काही दिसलं तर मात्र मशिन बंद करून लगेच दाखवा.

उपाय सांगतो. उजेडाची बटणं एकेक घर वर-खाली करून बघा. बरेचदा दोन-तीन घरंच जास्त वाजतात, त्यांच्या वरचं एखादं शांत निघतं. तेही जमलं नाही तर बटणांनी उजेड पूर्ण ठेवा आणि स्क्रीनवर काळसर पडदा टाकणारं एखादं सॉफ्टवेअर वापरा, शिवाय लिहायला काळी पार्श्वभूमी घ्या. दिवे सलग जळतील, आवाज जाईल. किंमत म्हणजे बॅटरी लवकर उतरेल; रात्री चार्जर लावूनच बसत असाल तर तीही नाही.

कोणी "गुंडाळीवर गोंद टाकून देतो" म्हणालं तर देऊ नका. गुंडाळी वाजत असेल तर गोंदाने फरक पडतो, कपॅसिटरला शून्य. माझ्याकडे असे गोंद टाकलेले बोर्ड येतात. साफ करण्यातच दुपार जाते.

सर्व्हिस सेंटरला परत जाल तेव्हा पुरावा घेऊन जा. आवाजातली कंपनं रेषांत दाखवणारी स्पेक्ट्रमची मोफत ॲप्स मिळतात. रात्री खोली शांत असताना फोन कीबोर्डजवळ धरा, उजेड कमी करा, मग पूर्ण करा. रेष उगवताना आणि मावळताना दिसेल, तिचा व्हिडिओ काढा. नवऱ्यालाही तोच दाखवा.

वॉरंटीचे किती दिवस उरलेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. उरले असतील तर याच आठवड्यात जा. चार्जर बरोबर न्या. नाहीतर "चार्जर आणा, मग बघू" म्हणून पुन्हा एक फेरी पडेल.