मुलाला मानसशास्त्रीय चाचणीला नेण्याआधी काय सांगावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा तिसरीत आहे, शाळेने चाचणी करून घ्या म्हणून सांगितलंय, आणि त्याला आधी सांगावं की नाही, थोडी तयारी करून घ्यावी का, हे तुम्हाला कळत नाहीये. माझी मुलगी याच वयात या सगळ्यातून गेली. मी तिथे एक मोठी चूक केली, ती आधी सांगते.

मी तिला म्हटलं होतं, "एका मावशीकडे खेळायला जायचंय." तिथे गेल्यावर तिला टेबल दिसलं, पेन्सिल दिसली, वेळ मोजायचं घड्याळ दिसलं. ती माझ्याकडे वळून बघत राहिली आणि मग गप्पच झाली. येत असलेल्या प्रश्नांनासुद्धा "माहीत नाही". शेवटी त्या बाईंनीच थांबवलं, पुढच्या आठवड्यात या म्हणाल्या. घरी येताना रिक्षात तिने विचारलं, "आई, मी ढ आहे का गं?" तिने ते मनातल्या मनात आधीच ठरवून टाकलं होतं, आणि मी खोटं बोलल्यामुळे तिला ते आणखीच खरं वाटलं.

दुसऱ्या वेळी आदल्या दिवशी संध्याकाळी खरं सांगितलं: "तू खूप मेहनत करतेस तरी वाचताना ओळी सुटतात, जोडाक्षरं अडतात. तुझं डोकं कसं शिकतं ते त्या मावशी बघणार आहेत, म्हणजे शाळेतल्या बाईंना तुला कसं शिकवायचं ते कळेल. यात पास-नापास नाही." आणि एक गोष्ट मुद्दाम सांगितली, जी तुम्हीही सांगाच: प्रश्न सोपे सुरू होतात आणि अवघड होत जातात, लागोपाठ काही चुकले की तो भाग थांबवतात. म्हणजे कुठेतरी अडायचंच, प्रत्येक मूल अडतं. हे कळल्यावर तिचा चेहराच बदलला.

तयारी मात्र अजिबात करून घेऊ नका. इंटरनेटवर नमुना प्रश्न शोधू नका. आपल्याकडे नेहमी वापरल्या जाणाऱ्या बुद्धिमत्ता चाचण्यांपैकी एक मालिन यांनी नागपुरात वेक्सलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठी बेतली, १९६९ साली. त्यात शब्दांचे अर्थ, आकडे ऐकून पुन्हा सांगणं, ठोकळ्यांची नक्षी असे भाग असतात. मूल ते पहिल्यांदाच बघतंय, हे धरूनच गुण ठरतात. घोकून घेतलंत तर बुद्ध्यांक फुगेल आणि अडचण मात्र झाकली जाईल.

चाचणीआधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं दिसत नसेल किंवा नीट ऐकू येत नसेल, तर चाचणीचा निकालच फसवा येतो. चष्मा असेल तर तो लावूनच न्या. सकाळची वेळ मागा, पोटभर खाऊ घालून न्या, सर्दी-तापात जाऊ नका. आणि तुम्ही घरी मराठी बोलत असाल आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असेल, तर वेळ ठरवतानाच ते सांगा. भाषेमुळे मूल अडलं की खरोखर अडलं, हे तपासणाऱ्याला वेगळं करता आलं पाहिजे. शाळेच्या वह्या न्या, नीट लिहिलेल्या नव्हे, खोडाखोडीच्या. शाळेतल्या बाईंची चिठ्ठीही जोडा.

अध्ययन अक्षमतेच्या (म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणाऱ्या अडचणीच्या) प्रमाणपत्राची घाई नको. २०१६च्या दिव्यांग कायद्यात ती आली, त्यामुळे पुढे दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. त्यासाठी सरकारी प्रक्रिया वेगळी आहे. आत्ता फक्त तो कुठे अडतोय हे समजून घ्यायचंय.

अहवाल आला की तपासणाऱ्या बाईंना विनंती करा, पाच मिनिटं मुलालाच समजावून सांगा म्हणून. माझ्या मुलीला त्या म्हणाल्या होत्या, "ऐकलेलं तुझ्या लक्षात फार छान राहतं, वाचायला मात्र वेळ लागतो." त्या रात्री तिने हे आजीला फोन करून स्वतः सांगितलं.