रक्तदाब नेमका कुठे ठरतो?

प्रश्न : हृदयाचे ठोके वाढले नाहीत, तरी रक्तदाब वाढू शकतो का?

उत्तर : होय. हृदय दर मिनिटाला किती रक्त बाहेर टाकते, याइतकाच रक्तदाब रक्तवाहिन्यांकडून प्रवाहाला होणाऱ्या विरोधावरही अवलंबून असतो. हा विरोध मुख्यतः धमनिकांमध्ये, म्हणजे केशवाहिन्यांच्या अलीकडच्या बारीक धमन्यांमध्ये निर्माण होतो. त्यांच्या भिंतींतील स्नायू आवळले की पोकळी अरुंद होते. आणि त्रिज्या निम्मी झाली, तर विरोध दुप्पट नव्हे, तब्बल १६ पट होतो, ही बाब खरोखर थक्क करणारी आहे. व्यायामात मात्र राबणाऱ्या स्नायूंतील धमनिका सैलावतात आणि रक्त तिकडे वळते. आपण झटकन उभे राहिल्यावर दाब घसरू लागला, तर मानेतील धमन्यांच्या भिंतींवरचा ताण कमी झाल्याचे मज्जातंतू मेंदूला कळवतात आणि काही सेकंदांतच वाहिन्या आवळून, ठोके वाढवून दाब सावरला जातो.