'कराओरी'ला भरतकाम म्हणावे का?

जपानच्या नो नाट्यातील 'कराओरी' या वस्त्राचे वर्णन एका मराठी लेखात 'भरतकाम केलेला रेशमी झगा' असे आले आहे, ते योग्य आहे का आणि नसल्यास काय लिहावे, असा प्रश्न आहे. (नाट्यप्रकाराचे नाव 'नो' असेच लिहावे, 'नोह'मधला 'ह' रोमन लिपीतून आला आहे, तो उच्चारात नाही.)

येथे 'भरतकाम' चालणार नाही. कराओरीवरील फुले, पाने आणि पंखे कापड तयार झाल्यावर सुईने भरलेले नसतात. कापड मागावर असतानाच नक्षीपुरते रंगीत रेशमाचे जादा आडवे धागे घालून ते विणले जातात. या धाग्यांना फारसा पीळ नसतो आणि तळाच्या तिरक्या विणीवरून ते लांबपर्यंत मोकळे जातात, त्यामुळे नक्षी फुगीर व चकचकीत दिसते आणि ती टाक्यांनी भरली आहे असा भास होतो. लेखकाची चूक समजण्यासारखी आहे, पण ती दुरुस्त करायलाच हवी, कारण सुईने भरलेले वस्त्र नो रंगभूमीवर वेगळे असते. त्याला 'नुइहाकु' म्हणतात: 'नुइ' म्हणजे भरतकाम आणि 'हाकु' म्हणजे सोन्याचांदीचा वर्ख. नुसता वर्ख चिकटवून नक्षी काढली असेल, तर ते 'सुरिहाकु'. कराओरीसाठी 'भरतकाम' खर्ची घातले, तर नुइहाकुसाठी शब्दच उरत नाही.

'करा' म्हणजे चीन आणि 'ओरी' म्हणजे वीण. चीनमधून येणाऱ्या उंची कापडांवरून पडलेले हे नाव क्योतोच्या निशिजिन भागातील विणकरांच्या कापडालाही लागले, आणि पुढे त्या कापडाच्या, मुख्यतः स्त्रीपात्रे वरून घेतात त्या वस्त्रालाही; आपण पैठणच्या विणीलाही पैठणी म्हणतो आणि नेसायच्या लुगड्यालाही, तसेच हे. म्हणून मूळ नाव ठेवून पहिल्या उल्लेखाला 'उठावदार विणीचे रेशमी बाह्यवस्त्र' एवढा खुलासा करावा, हे मला बरे वाटते. 'किनखाप' जवळचा आहे, पण त्याबरोबर धातूची जर डोळ्यांपुढे येते. कराओरीत जेथे सोने असते तेथे ते बहुधा वर्ख लावलेल्या कागदाच्या बारीक पट्ट्यांचे असते, आणि 'जरतारी'लाही हीच अडचण आहे. लिंग स्त्रीलिंगी धरावे: 'ती कराओरी'.

त्याच लेखात 'इरोनाशी कराओरी'चे भाषांतर 'रंगहीन' असे झाले असेल, तर तेही बदलावे. 'इरो' म्हणजे रंग हे खरे, पण नो वेशभूषेच्या परिभाषेत तो एकच, लाल. लाल असलेली 'इरोइरी' तरुण स्त्रीच्या भूमिकेसाठी आणि लाल नसलेली 'इरोनाशी' प्रौढ किंवा वृद्ध स्त्रीसाठी. या दुसरीत निळा, हिरवा, तपकिरी असे रंग भरपूर असू शकतात, त्यामुळे मराठीत 'लालविरहित' म्हणणेच अचूक ठरेल.