बालरुग्ण वॉर्डात सिस्टर आणि पालकांसाठी सोपे चित्रतक्ते करायचे आहेत. कोणतं सॉफ्टवेअर, कोणते रंग वापरावेत?

सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. जाड काळ्या स्केचपेनने हाताने काढलेलं चित्र तर झेरॉक्सची झेरॉक्स काढली तरी कळतं. रंगांवर बैठका घेऊ नका. तक्ता फसतो तो मापात.

ओआरएसचंच घ्या. पुडी दोन मापांची मिळते, मोठी 1 लिटर पाण्यासाठी आणि छोटी 200 मिलीसाठी. आमच्याकडे लागलेल्या पहिल्या तक्त्यावर काय होतं? पुडी, अधिकचं चिन्ह, ग्लास. झालं! मोठी पुडी 200 मिलीच्या ग्लासात रिकामी केली की द्रावण पाचपट तीव्र. बाळाच्या रक्तात सोडियम चढतं, झटकेसुद्धा येऊ शकतात. मी तेव्हाच म्हणत होते, ग्लास खोडा, 1 लिटरची पाण्याची बाटली काढा. "जाहिरातीसारखं दिसतं," असं उत्तर मिळालं. अहो, ग्लास घरोघरी वेगळा, स्टीलचा उंच, काचेचा बुटका. लिटरची बाटली एसटी स्टँडवरही तेवढीच.

तीन चौकटी पुरतात: अख्खी पुडी बाटलीत, बाटली हलवणं, वाटी-चमच्याने पाजणं. बाण नकोत, ठळक 1, 2, 3 द्या. चुकीची कृती काढून त्यावर फुली मारू नका. चित्र लक्षात राहतं, फुली विसरते. 24 तासांनी उरलेलं फेका, ही ओळ मात्र मराठीत लिहाच. सोबतचं कुणीतरी वाचून दाखवतं.

सिस्टरांचा तक्ता वेगळा. दर जुलाबानंतर 2 वर्षांखाली 50 ते 100 मिली, त्यावर 100 ते 200. झिंक 14 दिवस: 2 ते 6 महिने 10 मिग्रॅ, पुढे 20. पालकांना हे आकडे नकोत. त्यांच्या डिस्चार्जच्या कागदावर 14 गोल काढा, रोज एक खोडायचा. नाहीतर जुलाब थांबले की तिसऱ्या दिवशी गोळीही थांबते.

लॅमिनेशन मॅट घ्या, चकचकीत कागदावर ट्यूबलाइटच दिसते. लावायचा खाटेवर बसलेल्या आईच्या नजरेसमोर.

हो, अतिकुपोषित बाळांना वरचं प्रमाण लागू नाही, तिथे डॉक्टर सांगतील तेच.

छापण्याआधी पाच पालकांसमोर मोठी पुडी, ग्लास आणि बाटली ठेवा, तक्ता दाखवा आणि गप्प बसा. ज्यांना बाटली जाहिरात वाटते, त्यांनाही शेजारी उभं करा.