सज्जीखारासाठी, म्हणजे राखेतून मिळणाऱ्या कच्च्या सोड्यासाठी, वाळवंटातली खारट झुडपंच का जाळायची? कुठल्याही लाकडाची राख का चालत नाही?

राख कुठलीही घ्या, क्षार निघतोच. फक्त तो वेगळा निघतो.

गोड्या जमिनीतलं झाड सोडियमला शक्यतो मुळाशीच अडवतं आणि पोटॅशियम घेतं. म्हणून लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट जास्त. खारवट जमिनीतल्या झुडपाला ही चैन परवडत नाही. ते सोडियम आत घेतं आणि पानांच्या पेशींत कोंडून ठेवतं, म्हणून पानं मांसल आणि चवीला खारट. यातलं काही सोडियम ऑक्झलेटसारख्या सेंद्रिय क्षारांच्या रूपात असतं. जाळलं की त्याचं कार्बोनेट होतं, म्हणजे धुण्याचा सोडा. क्लोराइडसोबतचं मात्र मीठच राहतं, त्यामुळे कच्च्या सज्जीत मीठ आलंच.

फरक कामाच्या वेळी कळतो. चुन्याने तीव्र केलेल्या सोड्यात तेल उकळलं तर साबणाची कडक वडी पडते. लाकडाच्या राखेने केलेला साबण मऊ, लिबलिबीत राहतो.

थरच्या वाळवंटात आणि पंजाब-सिंधच्या खारवट पट्ट्यात 'लाणा', 'खार' अशा नावांची झुडपं हिवाळ्याच्या सुमारास कापून वाळवत. जमिनीत गोल खड्डा करून त्यात थोडी थोडी टाकत जाळत राहायचं. शुद्ध सोडा ८५१ अंश सेल्सिअसला वितळतो, पण मीठ मिसळलेलं असल्यामुळे इथे त्याआधीच पाघळतो आणि तळाशी रस जमतो. तो ढवळायचा, वरून माती लोटायची, गार झाल्यावर फोडायचा. हाती येतो तो राखेचा भुगा नसतोच. करडा, काळे ठिपके असलेला दगड असतो. ओल्या बोटाने चोळला तर साबणासारखा बुळबुळीत लागतो.

आपल्या वैद्यांनी हे दोन क्षार कधीच वेगळे मोजले होते: जवाच्या राखेचा यवक्षार पोटॅशियमचा आणि स्वर्जिकाक्षार, म्हणजेच सज्जी, सोडियमचा. जोडीने 'क्षारद्वय'. युरोपात मात्र नावांचा घोळ झाला. अरबीत अशा झुडपांच्या राखेला 'अल-कली' म्हणत. त्यावरून 'अल्कली' आलं आणि पोटॅशियमचं लॅटिन नाव 'कॅलियम'ही. म्हणजे सोडियमच्या झुडपाचं नाव पोटॅशियमला चिकटलं! दोन्ही धातू हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये वेगळे काढले. तोवर फ्रान्सच्या लब्लांने मिठापासून सोडा करण्याचं पेटंट (१७९१) घेतलं होतं, आणि पुढे स्पेनच्या 'बारिला' या खारट झुडपांच्या राखेचा व्यापार या सोड्यानेच बुडवला.

मी शिकवतो तेव्हा दोन्ही राखा पाण्यात कालवून, गाळून, तारेवर घेऊन ज्योतीत धरतो. सज्जीची ज्योत भडक पिवळी. लाकडाची फिकट जांभळी, पण त्यात सोडियमचा कणभर अंश असला तरी पिवळा तिला झाकून टाकतो; मग निळ्या काचेतून पाहावं लागतं. सज्जीला कुणी काच मागत नाही.