जुन्या बातमीतले वादळ कसे ओळखावे?

प्रश्न : १९४० च्या दशकातील वर्तमानपत्रांत ‘वादळ’ आणि ‘तुफान’ हे शब्द शोधून हवामानाची टिपणे काढतो आहे. सातारा भागात इतकी तुफाने कशी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाना पाटलांच्या प्रतिसरकारची ‘तुफान सेना’ १९४३ पासून कुंडल परिसरात काम करत होती. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे लुटली गेली, ती तिचीच कामगिरी. म्हणून ‘तुफान’च्या पुढचा शब्द आधी पाहा. सेना, सैनिक, दल असे काही आले की ते कात्रण हवामानाच्या फायलीतून बाहेर काढा. ‘तुफान गर्दी’ आणि ‘तुफान दगडफेक’ही तशीच बाजूला जातील.

‘वादळी’ अधिक फसवते. वादळी पाऊस हवेतला, वादळी सभा माणसांची, हे उघड आहे. पण मथळ्यात नुसते ‘वादळ शमले’ असेल तर क्रियापदाचा उपयोग होत नाही, कारण शमणे आणि घोंगावणे दोन्हीकडे चालते. अशा वेळी मजकुरात वाऱ्याची दिशा, तास, पडलेली कौले, मोडलेले माड, बंदरात अडकलेली गलबते शोधा. यांतले काहीच नसेल आणि ठराव, अध्यक्ष, सभात्याग असे शब्द असतील, तर नोंद घेऊ नका.

वायुभाराचा आकडा (तो जितका कमी, तितके वादळ मोठे) दिला असेल तर तो सहसा पाऱ्याच्या इंचांत असतो. त्याला ३३.८६ ने गुणले की हेक्टोपास्कल, म्हणजे वायुभाराचे आजचे एकक, मिळतात : २९.०० इंच म्हणजे सुमारे ९८२, हे खरोखर मोठे वादळ. मात्र ऐन पावसाळ्यात मुंबईचा नेहमीचा भारच २९.६५ इंचांच्या आसपास असतो. जुलैतला असा आकडा पाहून ‘वादळ’ लिहून ठेवण्याची चूक फार होते.

आणखी एक. आपल्या समुद्रांतील चक्रीवादळांना नावे देणे २००४ मध्ये सुरू झाले. त्याआधीचे वादळ शोधताना बोटीचे किंवा बंदराचे नाव वापरा. नोव्हेंबर १८८८ मध्ये मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’ आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ बुडाली. ते वादळ बोटीच्या नावानेच सापडते.

प्रश्न : ६ जून १८८२ च्या मुंबईच्या चक्रीवादळात लाखभर माणसे मेली असे सगळीकडे वाचले. त्या काळचे अंक चाळले, एक ओळही नाही. अंक गहाळ झाले असतील का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अंक गहाळ नाहीत, ते वादळच झाले नव्हते. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आत होती. लाख मृत्यू म्हणजे जवळजवळ आठांतला एक माणूस. एवढा संहार वर्तमानपत्रांतून, पालिकेच्या मृत्युनोंदींतून आणि कुलाबा वेधशाळेच्या टिपणांतून एकाच वेळी निसटणे शक्य नाही. ही गोष्ट यादीवरून यादीत उतरवली गेली आणि मूळ कागद कोणी पाहिला नाही. तुम्ही तो पाहिलात, हे फार चांगले केलेत. मुंबईला खरोखर झोडपणारी जुनी वादळे हवी असतील तर नोव्हेंबर १८५४ आणि नोव्हेंबर १९४८ चे अंक काढा.

प्रश्न : गाविलगड १८०३ मध्ये ‘वादळात’ पडला, असे एका भाषांतरात आहे. हे बरोबर का?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : चूक. इंग्रजी वृत्तांतात ‘स्टॉर्म’ म्हणजे थेट चढाई करून किल्ला घेणे. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी गाविलगड हल्ला करून घेतला. त्याच वर्षीच्या ८ ऑगस्टला अहमदनगरची पेठ शिड्या लावून घेतली, तिथेही हाच शब्द भेटेल. लढाईच्या बातमीत आधी तट, खिंडार, शिड्या आहेत का ते पाहून मगच भाषांतर करा.