गाड्यावरचा बर्गर : टिक्की फुटते, बन वातड होतो

या वेळी बर्गरबद्दलचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. माप सांगताना मोठा चमचा म्हणजे पोह्याचा नव्हे, १५ मिलीचा. चहाचा चमचा ५ मिलीचा.

प्रश्न : १९९०च्या दशकात औरंगाबादला कॉलेजच्या गेटसमोर गाड्यावर बर्गर मिळायचा. बेकरीचा बन, पातळ आलूची टिक्की, कांदा, पत्ताकोबी, लाल सॉस, बस्स. आताचा हॉटेलातला बर्गर तोंडात मावत नाही आणि ती चवही येत नाही. तो जुना घरी जमेल का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

जमेल, पण हात आखडता घ्या. चीज, मेयोनीज, ढोबळी मिरची यांतलं काहीही आणलं की तो बर्गर हातचा गेलाच म्हणून समजा. टिक्की आणि बन एकाच घासात, जवळजवळ सारख्या जाडीने यायला हवेत.

दहा टिक्क्यांसाठी उकडून किसलेला बटाटा ५०० ग्रॅम, उकडलेले वाटाणे ७५ ग्रॅम, शिळ्या पावाचा चुरा ४५ ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २ मोठे चमचे, मीठ सव्वा चहाचा चमचा, आलं-हिरवी मिरची वाटून १ मोठा चमचा, अर्धा चमचा धने-जिरे पूड. हळद नको, नाहीतर बटाटेवडा होतो. प्रत्येकी ६० ते ६५ ग्रॅमचा गोळा घेऊन साडेआठ सेंटिमीटर रुंद, १ सेंटिमीटर जाड चकती थापा. बन जेवढा रुंद तेवढीच टिक्की. बटाटा आकसत नाही, त्यामुळे जास्तीची धरायची गरज नाही. ४ मोठे चमचे मैदा १०० मिली पाण्यात कालवून त्यात बुडवा, चुऱ्यात घोळवा आणि तव्यावर अर्धा सेंटिमीटर तेलात दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं तळा.

सॉस स्वस्त असायचा, कारण पुष्कळदा त्यात टोमॅटोपेक्षा लाल भोपळाच जास्त. ती गोडसर, आंबट, जराशी बावळट चव हवी असेल तर २५० ग्रॅम लाल भोपळा आणि २ टोमॅटो वाफवून, वाटून, गाळून घ्या. व्हिनेगर ३ मोठे चमचे, साखर ३ मोठे चमचे, मीठ आणि तिखट एकेक चहाचा चमचा घालून मंद आचेवर आटवा. ताटलीवर थेंब टाकला की भोवती पाण्याचं कडं उमटता कामा नये. कडं दिसलं तर आणखी दोन-तीन मिनिटं ठेवा.

पत्ताकोबी केसासारखी चिरून तिला मीठ चोळा, १० मिनिटांनी मुठीत घट्ट पिळा. न पिळता घातली तर खालचा बन लगदा होतो. बनाच्या कापलेल्या बाजूला लोणी किंवा डालडा लावून ती तव्यावर ४० सेकंद दाबून धरा. तिथे कडक पापुद्रा धरला की ओल आत शिरत नाही. सॉस टिक्कीवर लावा, बनावर लावू नका. वर कांदा, मग कोबी. शेवटी अख्खा बर्गर गरम तव्यावर झाकणाखाली अर्धा मिनिट ठेवा. गाड्यावर बन टिक्क्यांच्या ढिगावर रचून ठेवलेले असायचे, त्यांना येणारा वाफाळ मऊपणा असा येतो.

प्रश्न : टिक्की तेलात टाकली की विरघळते. कॉर्नफ्लोअर वाढवलं तर रबरासारखी झाली. (वाचक, जालना)

दोष बांधणीचा नाही, पाण्याचा आहे. बटाटे चिरून कुकरमध्ये पाण्यात घातले की ते पाणी पितात. सालासकट अख्खे, पाण्याला न टेकवता चाळणीवर वाफवा. सोलल्यावर लगेच मळू नका. किसून परातीत पसरा आणि पूर्ण गार होऊ द्या. हाताला कोरडा लागला की पुढचं काम. वाटाणेही फडक्यावर कोरडे करून घ्या. नवा बटाटा, ज्याची साल नखाने निघते, तो टिक्कीला घेऊ नका. त्यात पाणी जास्त आणि स्टार्च कमी. मिक्सरला बटाटा कधीच लावायचा नाही, स्टार्च फुटून त्याची खळ होते.

थापलेल्या टिक्क्या अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. तेलात चुऱ्याचा कण टाकताच बुडबुडे यायला हवेत. टिक्की टाकल्यावर दोन मिनिटं उलथनं लावू नका. बहुतेक टिक्क्या तेलाने नाही, घाईने फुटतात.

प्रश्न : घरी केलेला बन दुसऱ्या दिवशी वातड होतो आणि कापताना फुटतो. (वाचक, लातूर)

आठ बनांसाठी मैदा २५० ग्रॅम, साखर २५ ग्रॅम, लोणी २५ ग्रॅम, मीठ ४ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम, दूध-पाणी मिळून १५० मिली. १२ मिनिटं मळा. गोळ्याचा तुकडा बोटांनी ताणला की न फाटता पातळ पडदा व्हायला हवा. तो होत नसेल तर बन फुटणारच.

आपल्याकडे वैशाखात चुकतं ते फुगवण्यात. पुस्तकातला एक तास थंड हवेचा असतो. ४२ अंशांच्या उन्हाळ्यात ३५-४० मिनिटांत पीठ दुप्पट होतं, त्यापुढे आंबूस वास येऊन बन बसतो. उन्हाळ्यात माठाचं पाणी वापरा, दूधही फ्रिजमधलं. ५६ ग्रॅमचे गोळे करून १० मिनिटांनी तळव्याने ८ सेंटिमीटरपर्यंत दाबा आणि पुन्हा फुगू द्या. बोटाने टोचलेला खळगा हळूहळू भरून आला की भाजायची वेळ झाली. लगेच उसळला तर थांबा, तसाच राहिला तर उशीर झाला. वरून दूध लावून १९० अंशांवर १४ ते १६ मिनिटं. कमी आचेवर जास्त वेळ भाजला की बन वाळतो. बाहेर काढताच लोणी लावून फडक्याखाली झाका.

आणि बन फ्रिजमध्ये ठेवू नका. तिथल्या थंडीत पावातला स्टार्च बाहेरच्यापेक्षा लवकर घट्ट होतो, म्हणूनच तो एका रात्रीत शिळा लागतो. दोन दिवस बंद डब्यात, त्याहून जास्त ठेवायचा तर थेट फ्रीझरमध्ये.

प्रश्न : मैद्याऐवजी ज्वारी चालेल? (वाचक, हिंगोली)

२५० ग्रॅममधली ५० ग्रॅम. ज्वारीत ग्लूटेन नाही, त्यापुढे गेलात तर बन चुरा होऊन हातात येईल. ज्वारीची भाकरीच करा, ती जास्त चांगली होते.

प्रश्न : अमेरिकेतला मूळ हॅम्बर्गरही स्वस्तच होता म्हणतात. तसा खिम्याचा कसा करावा? (वाचक, नांदेड)

स्वस्तच होता. कॅन्ससमधल्या विचिटा गावी १९२१ मध्ये व्हाइट कॅसल हे हॅम्बर्गरचं दुकान सुरू झालं तेव्हा तो ५ सेंटला मिळे. मॅकडोनल्ड बंधूंनी १९४८ मध्ये सॅन बर्नार्डिनोत नवी पद्धत बसवली, तेव्हा १५ सेंट. त्यांची चकती एका पौंडात दहा, म्हणजे जेमतेम ४५ ग्रॅमची. वर केचप, मोहरीचा सॉस, कांदा, काकडीचं लोणचं. तिकडे मांस गोमांसच. १९९६ मध्ये दिल्लीत मॅकडोनल्ड्सचं दुकान उघडलं ते मात्र गोमांस आणि डुकराचं मांस न ठेवता.

आपण मटणाचा खिमा घ्यावा. खाटकाला पाव हिस्सा चरबी घालून दोनदा काढायला सांगा. त्यात मीठ, अंडं, बेसन, गरम मसाला काही घालू नका. मीठ आधी मिसळलं की प्रथिनं चिकटून कबाबासारखा ताठपणा येतो. इथे ठिसूळपणा हवा. ५० ग्रॅमचा सैल गोळा धूर निघेल इतक्या तापल्या लोखंडी तव्यावर टाका, वर बटर पेपर ठेवून वाटीच्या बुडाने पहिल्या ३० सेकंदांतच अर्धा सेंटिमीटर होईपर्यंत दाबा. नंतर दाबलं तर रस तव्यावर जातो. आता मीठ, वर कागदासारखा चिरलेला कांदा. कडा तपकिरी झाल्या की खरवडून उलटा, म्हणजे कांदा खाली चरबीत भाजतो. खिमा आतून गुलाबी ठेवायचा नाही. कोंबडीचा खिमा फार कोरडा. १०० ग्रॅमला २ चहाचे चमचे तेल घाला.

प्रश्न : शाळेच्या डब्यात बर्गर दिला तर दुपारी ओला गोळा होतो. (वाचक, परभणी)

टिक्की पूर्ण गार करून भरा, गरम भरली की तिचीच वाफ बनात जिरते. दोन्ही भाग आतून भाजलेले हवेत. कोबी घालू नका, सॉस छोट्या डबीत वेगळा द्या. कांदाही नको, तीन तासांत शेजारच्या पोळीलाही त्याचा वास लागतो.